त्या दिवशी बिल्डने कोणता पायथन घेतला

पिंपळे सौदागर
मंगळवार

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

निगडीहून माझं घर स्कूटीवर पंचवीस मिनिटं. एवढ्या जवळ राहणारी मुलगी कुरिअरने पत्र का पाठवते, असं आई विचारेल. तिला सांगा, मुलगी कामात आहे. खरं कारण असं की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, समोर बसलं तर ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोललेलं तुमच्याआधी शेजारच्या इंदुताईंना कळतं. कानाचं मशीन घेऊन दीड वर्ष झालं. ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, डबीत, बॅटरीसकट झोपलेलं आहे. मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, चष्म्याची सबब चालणार नाही.

इकडे सगळं ठीक. सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद आहे, पाणी एक दिवसाआड. हिंजवडीचा रस्ता होता तसाच; सकाळी कंपनीच्या कॅबमध्ये बसल्यावर माझी एक झोप पूर्ण होते आणि उठून बघावं तर आम्ही अजून वाकडच्या पुलाखालीच. आईच्या गुडघ्यांची गोळी बदलली आहे, ती जेवणानंतरची आहे, आधीची नाही. एवढं तिला सांगा.

गेले दोन आठवडे ऑफिसात माझ्याकडे एक विचित्र काम आहे. तुम्हाला आवडेल असं. कंपनीच्या सगळ्या टीमसाठी एक नियमावली लिहायची: बिल्डने पायथन कोणता निवडावा. तुम्ही नेहमी म्हणता, तू नक्की करतेस काय ते एकदा नीट सांग, आणि मी नेहमी टाळते. आज सांगते. गाडीत बॅटरी थंड ठेवायला पंखा असतो आणि तो पंखा केव्हा किती जोरात फिरवायचा हे ठरवणारी एक डबी असते. त्या डबीत जो प्रोग्रॅम जातो, तो आमचा. दहा-बारा जण त्याचे तुकडे लिहितात. सगळे तुकडे गोळा करून, तपासून, जोडून त्याची एक फाइल बनवायची, या कामाला आम्ही बिल्ड म्हणतो. ते माणूस करत नाही, एक सर्व्हर करतो, आणि त्याला काय कसं करायचं ते मी लिहून देते. हे माझं काम. तुमच्या भाषेत मी असेंब्लीचं प्रोसेस शीट लिहिते.

आता पायथन. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आहे, आणि ती वाचून त्याप्रमाणे काम करणारा जो प्रोग्रॅम, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. आम्ही आळसाने त्यालाही पायथनच म्हणतो. बिल्ड चालू असताना मधली बरीच फुटकळ कामं पायथनकडून करून घेतात. पंख्याचा तक्ताही तोच तयार करतो: इतकं तापमान, तर इतका वेग, अशा दोनशे छप्पन्न ओळी. अडचण एवढीच की एका मशीनवर एकच पायथन नसतो. एक मशीनबरोबर आलेला, एक कुणीतरी नंतर टाकलेला, एक जुन्या प्रोजेक्टसाठी राखलेला, एक कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. नावं सगळ्यांची सारखी. वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेले. बिल्डने हाक मारली की पहिल्या कप्प्यातला उठून येतो, तोच हवा होता की नाही हे कुणी विचारत नाही.

हे लिहायला बसले तेव्हा तुमची गेज रूम आठवली. मी सातवीत असताना फॅमिली डेला तुम्ही मला आणि धाकट्या सिद्धेशला कंपनी दाखवायला नेलं होतं. सिद्धेश कॅन्टीनच्या जिलबीत रमला. मी तुमच्या खिडकीशी उभी राहिले. खिडकीच्या आत तुम्ही आणि सयाजीकाका, मागे मापं तपासायच्या गेजची कपाटं, आणि भिंतीवर खुंट्यांच्या रांगा. माणूस यायचा, ड्रॉइंगवरचा गेज नंबर सांगायचा, स्वतःचं पितळी टोकन काढून द्यायचा. काका टोकन खुंटीला लावायचे आणि तोच गेज, त्याच नंबरचा, त्याच्या हातात ठेवायचे. मी विचारलं होतं की तो गेज नसला तर, त्याच मापाचा दुसरा द्यायचा का? तुम्ही हसला होता. काका म्हणाले होते, “न्हाई गं बाय. मापाचा न्हाई, लंबरचा द्यायचा. न्हाई तर न्हाई म्हनायचं.”

आणि तो किस्सा तर मी शंभरदा ऐकला आहे. एका बोअरच्या भोकाचा गेज तपासणीला बाहेर गेला होता, सुपरवायझर दुसरा गेज घेऊन माल पास करा म्हणत होता, आणि तुम्ही रजिस्टरमध्ये ‘गेज उपलब्ध नाही, काम थांबवले’ असं लिहून हाताची घडी घालून तीन तास स्टुलावर बसून राहिलात. दर वेळी सांगताना तीन तासांचे चार व्हायचे. तरी मला तुमचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

तर नियमावलीत मी तेच लिहिलं, फक्त गेज हा शब्द काढून. बिल्डने पायथन शोधत फिरू नये; त्याला सांगावं, हा घे. कुठला घ्यायचा हे प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहिलेलं असावं, कुणाच्या लॅपटॉपच्या मर्जीवर नको. मुद्दाम दुसरा वापरून बघायचा असेल तर माणसाने तसं स्पष्ट सांगावं, मग त्याचं ऐकावं. नाव सारखं आहे म्हणून विश्वास ठेवू नये, आवृत्ती विचारून घ्यावी. सांगितलेला सापडला नाही तर थांबावं, आणि काय हवं होतं, कुठे शोधलं, काय मिळालं ते माणसाला कळेल अशा भाषेत सांगावं. आणि शेवटी जी फाइल तयार होईल तिच्यातच नोंद असावी, की मला अमुक पायथनने बनवलं. टोकन खुंटीवर.

आमच्या टीममध्ये गणराज म्हणून एक हुशार मुलगा आहे, तो यावर भांडला. म्हणाला, “ताई, एवढं कडक केलंत तर नवीन माणूस पहिल्या दिवशी नुसता एरर बघत बसेल. जो आहे तो घेऊ द्या की राव, नव्वद टक्के वेळा चालतंच.” त्याचं चुकीचं नाही. नव्वद कशाला, नव्व्याण्णव टक्के वेळा चालतं. शंभरावी वेळ फेब्रुवारीत येऊन गेली. ती तुम्हाला माहीत आहे, पण अर्धीच.

तुम्हाला जे माहीत आहे ते असं. तुमच्या शब्दावर मी सयाजीकाकांच्या नेहाला आमच्याकडे अर्ज करायला सांगितलं. ती स्वतःच्या बळावर मुलाखत पास झाली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर लागली. पाचव्या महिन्यात तिने पंख्याच्या तक्त्यात बदल केला. चाकणच्या ज्या कारखान्यात गाड्या जुळतात, त्यांना मंजुरीसाठी दिलेला तक्ता वेगळा आणि डबीत गेलेला वेगळा निघाला. लाइनच्या शेवटी गाडी तपासणाऱ्या टेस्टरने गाड्या नापास केल्या, चार तास लाइन उभी राहिली. आमच्याकडे चौकशी झाली. तक्त्याला शेवटचा हात कुणाचा, तर नेहाचा. मंजुरीनंतर तिने गुपचूप आकडे बदलले असं ठरलं. ती नाही म्हणत राहिली. तिच्या कागदावर तसा शेरा मारला आणि तिला कन्फर्म केलं नाही.

मग तुम्ही चिखलीला काकांच्या घरी गेलात आणि अंगणात उभं राहून त्यांना म्हणालात की तुझ्या पोरीने माझ्या मुलीला खाली बघायला लावलं. आई सोबत होती, तिने मला सांगितलं. काकांनी तेवढंच उत्तर दिलं: “अण्णा, माजी पोर चुकली आसंल. पन तिनं लपवलं न्हाई. ती लपवनारी न्हाई.” तुम्ही चहा न घेता निघालात. एकतीस वर्षं एका खिडकीत बसलेली दोन माणसं. त्या दिवसापासून तुमचं बोलणं बंद आहे. दिवाळीत त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आला नाही. तुम्ही आईला म्हणालात की बरं झालं. आई म्हणते, जेवताना तुम्ही दोनदा दाराकडे बघितलंत.

आता उरलेली अर्धी. हे रिपोर्टसारखं लिहिते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

नेहा येण्याच्या दोन वर्षं आधी बिल्डच्या सूचनांमध्ये एक ओळ घातली गेली. त्या ओळीचा अर्थ: सांगितलेला पायथन सापडला नाही तर जो सापडेल तो घे. सोय म्हणून घातली होती. नव्या मुलांचं पहिल्याच दिवशी अडू नये, गणराज म्हणतो तेच कारण. आधी तिच्यासोबत एक इशाराही छापला जायचा, की दुसराच पायथन वापरत आहे. तो इशारा रोज रोज दिसून लोक कंटाळले, म्हणून तोही काढला गेला. जानेवारीत सर्व्हरची साफसफाई झाली आणि आम्ही सांगितलेला, म्हणजे नवा पायथन एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेला. कुणाला कळलं नाही, कारण ज्या तुकड्यात बदल नाही तो तुकडा बिल्ड पुन्हा बनवत नाही, जुनाच वापरतो. पंख्याच्या तक्त्याला हात लागला तो थेट फेब्रुवारीत, नेहाचा. बिल्डने नवा पायथन शोधला, मिळाला नाही, म्हणून पहिल्या कप्प्यातला जुना उचलला आणि काही न बोलता काम केलं.

जुना आणि नवा यांच्यात बरेच फरक आहेत. यातला तुम्हाला लगेच कळेल. पूर्णांक करताना बरोबर अर्धा आला, म्हणजे समजा अडीच, तर जुना त्याचे तीन करतो. नवा जवळची सम संख्या घेतो, म्हणजे दोन. दोघंही आपापल्या जागी बरोबर. नेहाने तिच्या लॅपटॉपवर नव्या पायथनने तक्ता काढला आणि तोच मंजुरीला दिला. सर्व्हरने तीच आकडेमोड जुन्याने केली. दोनशे छप्पन्नपैकी अकरा ओळींत एकेकाचा फरक पडला. पंख्याला त्याने काही होणार नव्हतं. टेस्टरला मात्र एकाचाही फरक चालत नाही, आणि चालू नयेच.

म्हणजे नेहाने काही बदललं नव्हतं. बाबा, ती ओळ माझी होती. इशाराही मीच काढला होता.

चौकशीच्या वेळी मला हे माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते पुरेसं नाही. ती गेल्यानंतर सहाव्या दिवशी मी सहज म्हणून दोन्ही पायथननी तक्ता काढून बघितला आणि अकरा ओळी समोर आल्या. त्याच दुपारी मी ती ओळ काढून टाकली. आमच्यात प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: किरकोळ साफसफाई. मग खाली जाऊन कॅन्टीनमध्ये चहा घेतला. पुढच्या महिन्यात मला टीम लीड केलं. तुम्ही पेढे वाटलेत.

मी गप्प का राहिले, याचं मोठं काही कारण नाही. मला भीती वाटली. प्रेस शॉपला लागून असलेल्या त्या खिडकीत कान घालवून तुम्ही मला शिकवलंत, वस्तीत सगळ्यांना सांगितलंत की माझी मुलगी चुकत नाही, आणि मला ते वाक्य मोडायचं नव्हतं. मग दिवस जात गेले. जितके गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. नेहा सध्या मोशीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तीन ठिकाणी मुलाखतीला गेली होती, तिन्ही ठिकाणी विचारलं की पाच महिन्यांत का सोडलं. हे मला गणराजकडून कळलं, तिच्याकडून नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. चौकशीच्या पहिल्याच दिवशी, सगळे तिच्या आकड्यांवर बोट ठेवत असताना, नेहाने फक्त मला एक मेल पाठवला होता. एकच ओळ. “ताई, त्या दिवशी सर्व्हरवरच्या बिल्डने कोणता पायथन घेतला, हे बघता येईल का?” पाच महिन्यांची मुलगी, आणि नेमका प्रश्न तिनेच विचारला. मी उत्तर दिलं होतं, “बघते.” आणि बघितलं नाही. मला खात्री होती, की माझ्या बिल्डमध्ये चूक नसते. बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं आणि ती आज माझ्या शेजारच्या खुर्चीत असती. याची मला लाज वाटते. ओळ लिहिली त्याची तेवढी वाटत नाही, ओळी चुकतात.

नियमावलीचा एक ठरलेला साचा आहे. प्रत्येक नियमाखाली ‘हा नियम का’ असा रकाना असतो आणि तिथे घडलेलं उदाहरण द्यावं लागतं. बाकीचे रकाने गणराजने भरले. ‘सापडला नाही तर थांबावे’ या नियमापाशी त्याने मला विचारलं की इथे काय टाकू, काल्पनिक टाकलं तरी चालेल. तो रकाना माझ्यासमोर चार दिवस रिकामा होता. काल सकाळी मी तो भरला. तारीख, ओळ, कुणी लिहिली, इशारा कुणी काढला, अकरा आकडे, कुणावर आळ आला, आणि ‘किरकोळ साफसफाई’ सुद्धा. खाली माझं नाव घातलं आणि आमच्या मॅनेजर मंजुषा मॅडमना पाठवून दिलं. त्यांनी तासाभराने फोन केला. “मैत्री, तू हे खरंच असं पाठवणार आहेस का,” असं विचारलं. मी म्हटलं, पाठवलं आहे. शुक्रवारी मीटिंग आहे. लीडपद जाईल बहुतेक, कदाचित नोकरीही. नेहाच्या कागदावरचा शेरा काढून तिला तसं लेखी द्यावं, एवढी एकच मागणी मी खाली लिहिली आहे. तेवढं त्या करतील असं वाटतं.

त्यानंतर मी नेहाला मेसेज केला. नऊ महिने उशिरा उत्तर दिलं, की जुना होता, आणि तो माझ्या ओळीमुळे घेतला गेला. सगळं लिहिलं. ती चिडेल असं वाटलं होतं, किंवा रडेल, किंवा उत्तरच देणार नाही. तिचं उत्तर रात्री जेवताना आलं, “मला वाटलंच होतं ताई. माझं मी बघून घेईन. पण माझ्या बाबांना तुम्ही स्वतः येऊन सांगा.” मी ताटावरून उठले आणि भांडी घासली, सगळी.

म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी दहा वाजता मी चिखलीला काकांच्या घरी जाणार आहे. ज्या अंगणात तुम्ही उभं राहून बोललात, तिथेच मला बोलायचं आहे, आणि तुम्ही माझ्याबरोबर यावं अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला हे तिथे पहिल्यांदा कळू नये, म्हणून आधी लिहून कळवलं. तुम्ही माझ्यावर रागावलात तर तो राग बरोबर आहे; रागावूनच या, पण या. काकांशी तुम्ही काय बोलायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळतं. नऊ वाजता मी खाली गाडी घेऊन येईन, हॉर्न वाजवणार नाही, आईला सांगून ठेवा. एकच विनंती आहे. मी तिथे ओरडून बोलणार नाही, मला तेवढ्या मोठ्या आवाजात ते सांगता येणार नाही. आणि काकाही हळूच बोलतात. तेव्हा ड्रॉवर उघडा, डबीतलं मशीन काढा, बॅटरी नवी घाला आणि घरातून निघतानाच कानाला लावा.

तुमचीच,
मैत्री